पैशाचे वय : ‘द ग्रेट गॅट्सबी’विषयी

एफ. स्कॉट फिट्झजेराल्ड यांची ‘द ग्रेट गॅट्सबी’ ही कादंबरी १० एप्रिल १९२५ रोजी न्यूयॉर्कच्या स्क्रिब्नर्स या प्रकाशनसंस्थेने प्रसिद्ध केली. अवघ्या नऊ प्रकरणांच्या आणि एका उन्हाळ्यापुरत्या काळात घडणाऱ्या या लहानशा कादंबरीविषयी गेल्या शंभर वर्षांत इतके लिहिले गेले आहे, की नवा वाचक बहुधा तिच्याविषयीचे एक ठरीव मत घेऊनच तिच्याकडे वळतो. अमाप पैसा मिळवूनही गेलेले प्रेम परत मिळत नाही, हे त्या मताचे सार. ते चुकीचे नाही. पण तेवढ्यावर थांबले तर ज्या गोष्टीमुळे ही कादंबरी शोकात्म प्रेमकथांच्या गर्दीतून वेगळी निघते तीच नजरेआड होते. प्रेम आणि पैसा ही दोन परस्परविरोधी मूल्ये फिट्झजेराल्ड यांनी येथे समोरासमोर उभी केलेली नाहीत. त्यांच्या नायकाच्या मनात या दोन्ही गोष्टी आरंभापासून एकमेकींत विणलेल्या आहेत, आणि दोन्हींच्या बाबतीत त्याचा पराभव एकाच ठिकाणी, म्हणजे काळापाशी, होतो. पैसा तीन वर्षांत मिळवता येतो. पण त्या पैशाला जुनेपण यायला लागणारा काळ मिळवता येत नाही, आणि प्रेमाच्या मध्ये गेलेली पाच वर्षे पुसताही येत नाहीत.

कथानक थोडक्यात असे. १९२२ च्या उन्हाळ्यात निक कॅरावे हा येल विद्यापीठात शिकलेला आणि पहिल्या महायुद्धातून परतलेला तरुण रोखेविक्रीचा व्यवसाय शिकण्यासाठी अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातून न्यूयॉर्कला येतो आणि लाँग आयलंडवरील ‘वेस्ट एग’ या काल्पनिक वस्तीत महिना ८० डॉलर भाड्याचे छोटे घर घेतो. शेजारच्या प्रासादात जे गॅट्सबी हा गूढ धनिक राहतो आणि तेथे न बोलावलेल्या शेकडो माणसांना मेजवान्या देतो. खाडीपलीकडच्या ‘ईस्ट एग’मध्ये निकची दूरची बहीण डेझी तिचा नवरा टॉम ब्युकॅनन याच्यासह राहते. १९१७ मध्ये लुईव्हिल या गावी सैन्यातील निर्धन लेफ्टनंट असताना गॅट्सबीचे डेझीवर प्रेम जडले होते. तो युद्धावर गेला आणि १९१९ च्या जूनमध्ये तिने टॉमशी लग्न केले. खाडीच्या या बाजूचा प्रासाद, त्या मेजवान्या आणि तो सारा झगमगाट केवळ तिला दिसावा म्हणून आहे, हे निकला हळूहळू कळते. पुनर्भेट होते; पण उन्हाळा संपण्यापूर्वी डेझी चालवत असलेल्या गॅट्सबीच्या गाडीखाली टॉमची प्रेयसी मर्टल विल्सन मरते, तिचा नवरा टॉमच्या सांगण्यावरून गॅट्सबीला गुन्हेगार समजून गोळी घालतो आणि स्वतःलाही संपवतो, आणि ब्युकॅनन दांपत्य पत्ताही न ठेवता निघून जाते. हे सर्व आधी सांगून टाकल्याने वाचनाची गोडी कमी होत नाही, कारण या कादंबरीचे सामर्थ्य पुढे काय होणार या उत्सुकतेत फारसे नाही.

ते सामर्थ्य प्रथम जाणवते ते तिच्या भूगोलात. न्यूयॉर्क शहराच्या पूर्वेला पसरलेल्या लाँग आयलंडच्या उत्तर किनाऱ्यावर मॅनहॅसेट उपसागराच्या दोन बाजूंना ग्रेट नेक आणि सँड्स पॉइंट ही वेस्ट एग आणि ईस्ट एग यांच्यामागची खरोखरीची ठिकाणे आहेत, आणि स्वतः फिट्झजेराल्ड १९२२ च्या ऑक्टोबरपासून दीड वर्ष ग्रेट नेकमध्ये राहिले होते. कादंबरीत पश्चिमेकडील वस्ती नवश्रीमंतांची आणि पूर्वेकडील पिढीजात श्रीमंतांची आहे. नवश्रीमंत म्हणजे स्वतःच्या हयातीत, बहुधा अल्पावधीत, धन मिळवलेला माणूस. पिढीजात श्रीमंत म्हणजे ज्याला ते आयते मिळाले आणि म्हणून ज्याला त्याचा दिमाख करण्याची गरज वाटत नाही असा माणूस. एवढे विभाजन कोणत्याही सामाजिक कादंबरीत सापडेल. फिट्झजेराल्ड यांची सूक्ष्मता पुढेच आहे. टॉमचा तो जुन्या वसाहतकालीन शैलीतला भारदस्त वाडा वाडवडिलांचा नाही. टॉम शिकागोहून आलेला आहे आणि वाड्याचा आधीचा मालक तेलाच्या धंद्यातला माणूस होता, असे जाता जाता एका वाक्यात सांगितले जाते. गॅट्सबीचा प्रासाद एका बिअर बनवणाऱ्या कारखानदाराने बांधलेला होता. आसपासच्या झोपड्यांवर गवती छपरे घातली तर पाच वर्षांचे कर भरतो, असे त्याने शेजाऱ्यांना सांगून पाहिले आणि त्यांनी नकार दिल्यावर तो खचला. तोच प्रासाद पुढे चोरट्या दारूवर श्रीमंत झालेला माणूस विकत घेतो. निकचे घराणेही तीन पिढ्यांचे प्रतिष्ठित म्हणून ओळखले जाते. पण त्या घराण्याच्या घाऊक लोखंडी सामानाच्या व्यापाराचा पाया ज्या आजेचुलत्याने घातला, त्याने अमेरिकेच्या यादवी युद्धात स्वतःऐवजी दुसऱ्या माणसाला लढायला पाठवले होते. त्या काळी असा बदली माणूस पैसे देऊन उभा करणे कायद्याला मान्य होते.

हे तिन्ही तपशील कादंबरीत विखुरलेले आहेत आणि लेखक त्यांच्यावर बोट ठेवत नाही. पण ते एकत्र वाचले म्हणजे ईस्ट एग आणि वेस्ट एग यांच्यातील खरा फरक लक्षात येतो. उगमाशी गेले तर दोन्हीकडचा पैसा सारखाच संशयास्पद आहे. पिढीजात श्रीमंतीला तो उगम विसरायला पुरेसा अवधी मिळालेला असतो, आणि प्रतिष्ठा म्हणून जे काही ओळखले जाते ते बहुतांशी या विस्मरणातून तयार होते. गॅट्सबीजवळ सर्व काही आहे, फक्त हा अवधी नाही. त्यामुळे तो वडिलोपार्जित इतिहासही विकत घेतल्यासारखा रचतो : आपण मध्य-पश्चिमेतील एका श्रीमंत, आता कोणीही हयात नसलेल्या घराण्याचे पुत्र आहोत, ऑक्सफर्डला शिकलो, युरोपच्या राजधान्यांतून एखाद्या तरुण राजासारखे माणके जमवत आणि शिकारी करत हिंडलो, असे तो निकला सांगतो. येथे त्याने वापरलेली प्रतिमा हिंदुस्थानी संस्थानिकाची आहे. रत्ने, शिकार आणि युरोपवाऱ्या यांतून पाश्चात्त्य वृत्तपत्रांनी घडवलेले महाराजांचे चित्र तेव्हा इतके परिचित होते, की नॉर्थ डकोटातील गरीब शेतकऱ्याच्या या मुलाला, मूळच्या जेम्स गॅट्झला, पिढीजात वैभवाची कल्पना करताना तेच आठवावे, याची मराठी वाचक विशेष नोंद घेईल.

गॅट्सबीचा पैसा कोठून येतो हे समजण्यासाठी तत्कालीन अमेरिकेतील दारूबंदीची माहिती आवश्यक आहे. संविधानाच्या अठराव्या दुरुस्तीनुसार जानेवारी १९२० पासून मद्याचे उत्पादन, विक्री आणि वाहतूक देशभर बंद झाली. पिणे मात्र त्या दुरुस्तीने गुन्हा ठरवले नव्हते, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधाच्या दुकानातून मद्य मिळण्याची सोय कायद्यात ठेवली होती. याच फटीतून गॅट्सबी आणि त्याचा भागीदार मेयर वुल्फशाइम यांनी न्यूयॉर्क व शिकागोच्या आडरस्त्यांवरील औषधांची दुकाने घेऊन तेथे दारू विकली, असा आरोप टॉम करतो. मुंबई राज्याच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्यानंतरचे परवाने, हातभट्ट्या आणि चोरटे धंदे यांच्या आठवणी महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या टिकल्या असल्याने, कायदा आणि मागणी यांच्यामधल्या अशा फटीत पैसा कसा उगवतो हे मराठी वाचकाला वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. वुल्फशाइम हे पात्र न्यूयॉर्कचा जुगारसम्राट अर्नोल्ड रॉथस्टीन याच्यावर बेतलेले मानले जाते; १९१९ च्या बेसबॉलच्या राष्ट्रीय अजिंक्यपद मालिकेत खेळाडूंना पैसे चारून निकाल फिरवला गेला, त्यामागे रॉथस्टीन होता असे सर्वत्र बोलले जाई, आणि कादंबरीत ते कृत्य वुल्फशाइमच्या नावावर आहे.

तथापि दारू हा गॅट्सबीच्या धंद्याचा एक भाग झाला. त्याच्या मृत्यूनंतर निक त्याच्या घरातला दूरध्वनी उचलतो, तेव्हा समोरचा माणूस त्याला गॅट्सबी समजून घाईघाईने सांगू लागतो की एक साथीदार रोखे वटवताना पकडला गेला आहे. रोखा म्हणजे सरकारने किंवा कंपनीने घेतलेल्या कर्जाची व्याजासह परतफेडीची लेखी हमी. महायुद्धाच्या काळात सरकारने युद्धरोखे सामान्य नागरिकांपर्यंत पोचवल्यामुळे अमेरिकेत या कागदांचा व्यवहार घरोघरी माहीत झाला होता. निक दिवसभर कचेरीत बसून राजरोस रोखे विकतो आणि शेजारचा मित्र चोरीचे रोखे फिरवतो, ही जोडी लेखकाने विचारपूर्वक लावली आहे. मध्यंतरी गॅट्सबी निकला थोड्या जोडकमाईची संधीही देऊ करतो, आणि निक ती नाकारतो ते ती एका उपकाराची परतफेड म्हणून पुढे आल्यामुळे. वेगळ्या परिस्थितीत आपण काय केले असते, याची त्याला स्वतःलाच पुरती खात्री दिसत नाही.

या कथेची मुळे लेखकाच्या आयुष्यात आहेत हे सर्वश्रुत आहे. १८९६ मध्ये मिनेसोटा राज्यातील सेंट पॉल येथे जन्मलेले फिट्झजेराल्ड प्रिन्स्टन विद्यापीठात असताना शिकागोच्या धनाढ्य घरातील जिनेव्हरा किंग हिच्या प्रेमात पडले आणि गरीब मुलांनी श्रीमंत मुलींचे स्वप्न पाहू नये, अशा अर्थाचे बोलणे त्यांना त्या वर्तुळात ऐकावे लागले. पुढे लष्करी छावणीत असताना अलाबामातील न्यायाधीशांची कन्या झेल्डा सेयर हिच्याशी त्यांचे लग्न ठरले, त्यांच्या उत्पन्नाची शाश्वती नसल्याने १९१९ मध्ये ते मोडले, आणि १९२० च्या मार्चमध्ये पहिली कादंबरी गाजताच पुढच्या काही दिवसांत पार पडले. म्हणजे गॅट्सबीला जे साधले नाही ते त्याच्या निर्मात्याला साधले होते. गमावलेल्या प्रेमाची ही कथा ते प्रेम मिळालेल्या माणसाने लिहिली आहे, आणि तिच्यातील विषादाचा पोत यामुळेच निराळा आहे : ज्या यशाने मुलगी मिळाली ते यश नसते तर ती मिळाली नसती, ही जाणीव मिळालेल्या सुखालाही चिकटून राहते.

लेखनाची प्रक्रियाही सांगण्यासारखी आहे. १९२४ मध्ये फिट्झजेराल्ड दांपत्य फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर गेले आणि तेथे कादंबरीचा मोठा भाग लिहून झाला. हस्तलिखित वाचून संपादक मॅक्सवेल पर्किन्स यांनी त्याची मनापासून प्रशंसा केली. पण गॅट्सबी हे पात्र धूसर राहिले आहे, त्याच्या संपत्तीच्या उगमाविषयी निदान काही सूचना हव्यात आणि त्याचे सारे पूर्वचरित्र एकाच ठिकाणी ओतले गेले आहे, असे त्यांनी कळवले. रोममध्ये मुद्रितांवर काम करताना फिट्झजेराल्ड यांनी ते पूर्वचरित्र तोडून वेगवेगळ्या प्रकरणांत विखुरले. पुनर्लेखनापूर्वीचा मजकूर २००० मध्ये ‘ट्रिमाल्किओ’ या नावाने स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाला आहे. ट्रिमाल्किओ हा पेट्रोनियस या रोमन लेखकाच्या ग्रंथातील, गुलामगिरीतून मुक्त होऊन गबर झालेला आणि डोळे दिपवणाऱ्या मेजवान्या देणारा यजमान. हे नाव शीर्षकात घेण्याचा फिट्झजेराल्ड यांचा विचार बराच काळ होता. दोन्ही पाठ शेजारी ठेवून वाचल्यास चांगला संपादक लेखकाच्या हातून काय घडवून आणू शकतो, याचा याहून स्पष्ट पुरावा सापडणे कठीण.

पूर्वचरित्र असे तुकड्यांत आल्यामुळे वाचकाला गॅट्सबी निकसारखाच कळत जातो, म्हणजे प्रथम अफवांतून, मग त्याच्या स्वतःच्या बनावटीतून आणि शेवटी कबुलीतून. निक हा या कादंबरीचा निवेदक, म्हणजे घडलेले सांगणारा, आणि तो कथेतील पात्रही असल्याने त्याचे निवेदन प्रथमपुरुषी आहे. मुख्य पात्राची कथा बाजूच्या साक्षीदाराने सांगायची ही रीत जोसेफ कॉनरॅड यांच्या लेखनातून फिट्झजेराल्ड यांनी आत्मसात केली होती. निक स्वतःला प्रामाणिक म्हणवतो. परंतु डेझी आणि गॅट्सबी यांची भेट त्याच्याच घरी घडते, टॉम आणि मर्टल यांचे संबंध त्याला ठाऊक असतात, आणि गाडी कोण चालवत होते हे कळूनही तो ते टॉमला सांगत नाही. कादंबरीतील भ्रमनिरास म्हणून ज्याचा उल्लेख होतो तो मुख्यतः निकचा आहे. गॅट्सबी शेवटपर्यंत दूरध्वनीची वाट पाहत असतो. त्याचा भ्रम पुरता फिटला की नाही याविषयी निकही केवळ तर्क करतो. ज्याला भ्रमातून बाहेर पडावे लागते आणि त्यानंतरही जगावे लागते, तो निक आहे.

प्रेमाच्या बाजूने पाहिल्यास सर्वांत बोलका प्रसंग न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलातील आहे. डेझीने टॉमला सोडावे एवढ्याने गॅट्सबीचे समाधान होणार नसते. टॉमवर आपले कधीच प्रेम नव्हते असे तिने त्याच्यासमोर म्हणावे, म्हणजे मधली वर्षे जमाखर्चातून खोडली जावीत, असा त्याचा आग्रह असतो. डेझी तसे म्हणण्याचा प्रयत्न करते आणि मग प्रामाणिकपणे कबूल करते की तिचे दोघांवरही प्रेम होते. डेझीला उथळ आणि भित्री ठरवण्याची टीकाकारांची जुनी सवय आहे, आणि अपघातानंतरच्या तिच्या वागण्याचे समर्थन करता येणार नाही. तरीही या प्रसंगात खरे बोलणारी एकटी तीच आहे, हे नोंदवले पाहिजे. त्याआधी तिची लहान मुलगी समोर येते, तेव्हा गॅट्सबी तिच्याकडे नवलाने पाहत राहतो, जणू ती अस्तित्वात असेल यावर त्याचा तोवर विश्वासच नव्हता. गेलेला काळ जिवंत होऊन समोर उभा राहावा आणि त्याच्याशी काय बोलावे हे त्याला सुचू नये, असा हा क्षण आहे. दुसरीकडे, लुईव्हिलमध्ये गॅट्सबीच्या अंगावर गणवेश होता आणि गणवेशात गरिबी दिसत नाही. आपण तिच्याच थरातले आहोत असा समज त्याने तिचा होऊ दिला. त्याला मोहात पाडणाऱ्या डेझीतही तिचे घर, तिचे कपडे आणि तिच्या मागे लागलेले इतर तरुण मिसळलेले होते. यातून शुद्ध प्रेम वेगळे काढून दाखवण्याचा प्रयत्न लेखकाने केलेला नाही, आणि तेच योग्य आहे.

टॉम ब्युकॅनन हे पात्र १९२५ पेक्षा आज अधिक ओळखीचे वाटेल. गौरवर्णीयांवर इतर वंशांचे आक्रमण होत असल्याचे सांगणारे एक पुस्तक वाचून तो भरजेवणात व्याख्यान देतो. पुस्तकाचे नाव बदललेले असले तरी रोख लॉथ्रॉप स्टॉडर्ड यांच्या १९२० च्या गाजलेल्या ग्रंथावर आहे, आणि ही एकट्या टॉमची लहर नव्हती. १९२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात हिंदी माणूस कायद्याच्या अर्थाने ‘गोरा’ नसल्याने नागरिकत्वास अपात्र आहे असा निर्णय दिला, आणि पुढच्याच वर्षी आशियातून होणारे स्थलांतर जवळजवळ बंद करणारा कायदा झाला. मात्र वंशद्वेषाची ही चिकित्सा करणारा लेखक स्वतः त्यापासून पूर्ण मुक्त नाही. ज्यू असलेल्या वुल्फशाइमचे नाक, त्याचे उच्चार आणि मानवी दातांची त्याची कफबटणे यांचे वर्णन तत्कालीन ज्यूद्वेष्ट्या ठशांतूनच आलेले आहे, आणि पुस्तकाच्या थोरवीपायी ते झाकून ठेवू नये. बाझ लुहरमन यांच्या २०१३ मधील चित्रपटात ही भूमिका अमिताभ बच्चन यांनी केल्याने तो ठसा पडद्यावर तरी मोडला गेला.

कादंबरीच्या स्वागताविषयी थोडेच सांगितले तरी पुरे. सुमारे २१ हजार प्रतींच्या पहिल्या छपाईनंतर त्याच वर्षी आणखी ३ हजार प्रती छापल्या गेल्या, आणि १९४० मध्ये वयाच्या ४४ व्या वर्षी फिट्झजेराल्ड यांचे हॉलिवूडमध्ये निधन झाले तेव्हाही त्यांतील काही गोदामात पडून होत्या. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांना वाटल्या गेलेल्या खिशात मावणाऱ्या आवृत्त्यांमध्ये तिच्या सुमारे दीड लाख प्रती निघाल्या. पुढे ती विद्यापीठांत पोचली आणि तेथे स्थिर झाली.

एका गोष्टीकडे मात्र अजून पुरेसे लक्ष गेलेले नाही. लाँग आयलंड आणि न्यूयॉर्क यांच्यामध्ये राखेचे मैदान लागते. क्वीन्समधील कोरोना येथे शहरातील भट्ट्यांची राख खरोखरीच टाकली जात असे आणि आगगाडी तिच्या कडेने जाई. येथे मर्टलचा नवरा जॉर्ज विल्सन याचे मोटारदुरुस्तीचे दुकान आहे, आणि एका नेत्रवैद्याच्या जाहिरातफलकावरील प्रचंड डोळे त्या मैदानावर रोखलेले आहेत. त्या डोळ्यांवर टीकाकारांनी पानेच्या पाने खर्च केली आहेत. पण त्याच मैदानात मायकेलिस नावाचा ग्रीक तरुण कॉफीचे छोटे दुकान चालवतो. मर्टलच्या मृत्यूनंतर विल्सन रात्रभर कण्हत असतो, जमलेले लोक एकेक करून पांगतात आणि मायकेलिस पहाटेपर्यंत त्याच्यापाशी बसतो, त्याला बोलते करण्याचा प्रयत्न करतो, त्याला कोणी मित्र किंवा एखादे चर्च आहे का याची चौकशी करतो. विल्सन त्या डोळ्यांना देव समजू लागतो तेव्हा ती जाहिरात आहे, असेही तोच सांगतो. त्या रात्रीची हकिकत निकला प्रत्यक्ष ठाऊक असणे शक्य नाही, म्हणून लेखकाने ती मायकेलिसच्या साक्षीवर उभी केली आहे. संपूर्ण कादंबरीत राखेच्या मैदानाकडे बहुधा धावत्या गाडीच्या काचेतून पाहिले जाते. काच मध्ये न घेता तेथे थांबून राहणारा माणूस एकच आहे, आणि श्रीमंतांच्या या कथेतील सर्वांत लांब रात्र फिट्झजेराल्ड यांनी त्याच्या हवाली केली आहे.